पुंजाजीचा कान

पुंजाजी मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्याविषयी चांगलं बोलणारी माणसं बीबी गावात आजही पाचपन्नास निघतील, तेव्हा ते काम मी त्यांच्यावर सोडतो. मी त्याच्याबरोबर सात वर्षं एका शाळेत काढली आणि सातही वर्षं त्याच्यामुळे माझं पोट दुखलं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत असे आणि मनात अरे-तुरे. लिहायला बसलो तर मनातलंच वर येतंय, ते तसंच राहू देतो.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी मास्तरकीची नॉर्मल परीक्षा पास होऊन बीबीच्या मराठी शाळेत हेडमास्तर म्हणून आलो. हेडमास्तर हा शब्द मोठा. शाळेत मास्तर दोनच, एक मी आणि दुसरा पुंजाजी. मी वरचे वर्ग घ्यायचो, तो खालचे. त्याचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, तेही मेहकरला मामाकडे राहून. माझ्यापाशी नॉर्मलच्या सर्टिफिकेटाखेरीज आणखी एक ऐवज होता. अकोल्याला असताना मी एका खाँसाहेबांकडे चार वर्षं गाणं शिकलो होतो. गळा बेताचा निघाला, पण कान तयार आहे असं खुद्द खाँसाहेब म्हणाले होते, आणि त्या एका वाक्यावर मी जगत होतो. पंचक्रोशीत पेटी माझी एकट्याची आणि सुरातलं कळणारा माणूसही मी एकटाच, असा माझा समज होता. तो आठ दिवस टिकला.

मी चौथीच्या पोरांकडून कविता म्हणून घेत होतो. चाळीस पोरं, एक चाल, माझी पेटी. पुंजाजी खडू मागायला दारात आला आणि तसाच उभा राहिला. मान एका बाजूला कलती, तोंड किंचित उघडं. कविता संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाला, "हेडमास्तर, तिसऱ्या ओळीतला रंगनाथ म्हणून नाही राह्यला. नुसते व्हट हालवते."

मी रंगनाथला उभं केलं. पोरगं रडकुंडीला आलं. आदल्या रात्रीपासून त्याचा घसा बसला होता, पण गप्प राहिलं तर छडी बसेल म्हणून ओठ हलवत होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी पुंजाजीला विचारलं.

"तथी जागा रिकामी होती ना," तो म्हणाला. "कालपर्यंत त्याचा आवाज तथून येत होता."

खडू घेऊन तो गेला. चाळिसांतला एखादा बेसूर आवाज मी कदाचित ओळखला असता. न आलेला आवाज ऐकू येणारा माणूस मात्र मी खाँसाहेबांच्या घरीही पाहिला नव्हता. आणि हा बाबा सा की रे हेही न कळणारा, वर्गात पाढे म्हणून घेणारा मास्तर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणून सांगितलं.

दिसायला तो काडीपहिलवान. अंगात खाकी कोट, त्याचा उजवा खिसा कायम फाटलेला, आणि खाली गुडघ्यापर्यंत ओढलेलं धोतर. काही ऐकायला लागला की तोंड उघडायचा. मी एकदा टोकलं, "पुंजाजी, माशी जाईल तोंडात."

"जाऊ द्या. तोंड मिटलं का अर्धा कान मिटते," तो म्हणाला.

मी घरी दार लावून करून पाहिलं. खरं निघालं, म्हणून जास्तच राग आला.

वर्ग गप्प करायची त्याची तऱ्हाही उफराटी. पोरांनी कल्ला केला की मी छडी आपटायचो. तो आपला आवाज उतरवायचा, इतका की गप्प बसल्याशिवाय पोरांना ऐकूच येऊ नये. आमच्या दोन वर्गांमध्ये मातीची एक भिंत होती. तिच्यातून माझा गोंगाट त्याच्याकडे जायचा आणि त्याच्या वर्गातली शांतता माझ्याकडे यायची. शाळाखात्याच्या डिप्टी साहेबांच्या तपासणीच्या आधी तर मला ती शांतता सहन व्हायची नाही.

हा कान त्यानं कमावला तो खदानीवर. गावाबाहेर सडकेच्या मुरमासाठी खणलेला एक भला मोठा खड्डा होता, त्याला सगळे खदान म्हणत. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं पाणी साचायचं आणि बेडकांचं राज्य सुरू व्हायचं. पुंजाजीचं वावर त्या खदानीला लागून. लहानपणी बापानं ज्वारी राखायला तिथे बसवला, तेव्हापासून तो ऐकत आला होता. बाकीच्यांना तंबाखूचा नाद असतो, तसा याला बेडकांचा.

एका संध्याकाळी तो मलाही घेऊन गेला. वीस पावलं अलीकडेच त्यानं वाहणा काढल्या आणि मला काढायला लावल्या. आम्ही काठावर टेकलो तशी सगळी खदान एकदम गप्प झाली.

"आता ते आपल्याले ऐकून राह्यले," तो कुजबुजला.

थोड्या वेळानं एक बेडूक बोलला. "हा बोहनीवाला," पुंजाजी म्हणाला. "रोज हाच सुरू करते." मग दुसरा बोलला, तिसरा बोलला आणि पाहता पाहता कानठळ्या बसायला लागल्या. मला आठवडी बाजारासारखा एकच गलका ऐकू येत होता. पुंजाजीला त्या बाजारातली माणसं ओळखीची होती. फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा आवाज काढणाऱ्या बारक्यांना तो फणीवाले म्हणायचा, कापूस पिंजायच्या कमानीची ताणलेली तात छेडल्यासारखं बोलणाऱ्यांना पिंजारी, आणि खालच्या सुरात घुमणाऱ्या धिप्पाडांना पाटील.

"ते दोन पिंजारी ऐका," तो म्हणाला. "जवळ जवळ बसले हायेत, म्हून एकमेकाच्या बोलण्यावर बोलत नाहीत. एकाचं झालं का मंग दुसरा. आपल्या पंचाइतीत एवढी रीत नाही."

"पण ओरडतात कशाला?"

"नर बोलावतात. मादी ऐकते, ते काही बोलत नाही. ज्याचं बोलणं लांब चालते, दमदार चालते, त्याच्याकडे जाते. अन् तो पाहा, त्या पिंजाऱ्याच्या बाजूले एक मुका बसला हाय. तोही नरच. पण गळा नाही काढत. मादी गाणाऱ्याकडे निघाली का हा तिले मंधातच धरते."

मी पाहिलं. गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर एक बेडूक पाण्याबाहेर नुसते डोळे काढून बसला होता. मला तो आवडला नाही. उशीर झाला म्हणून मी उठलो.

त्याच वर्षी डिप्टी साहेब तपासणीला आले. मी वस्तुपाठासाठी मुद्दाम बेडूक हा विषय घेतला. बेडकाला पुढच्या पायांच्या मागे, दोन्ही बगलांत चिमटीत धरलं की तो आवाज काढतो, एवढं मी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. साहेब खुर्चीवर बसल्यावर मी मडक्यातून एक मोठा बेडूक काढला, चिमटीत धरला, आणि तो बोलायला लागला. मी म्हणालो, "साहेब, हे बेडकाचं गाणं. पावसाळ्यात मादीला बोलावण्यासाठी नर असा गातो."

साहेबांनी मान डोलावली. एवढ्यात त्यांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या पुंजाजीकडे गेलं. त्याच्या तोंडावर दाताखाली खडा आल्यासारखं काहीतरी दिसलं असावं.

"काय मास्तर? तुम्हाला काही सांगायचंय?"

आता इथे कोणीही शहाणा माणूस 'नाही' म्हणाला असता. पुंजाजी म्हणाला, "साहेब, हे गाणं नोहे. गर्दीत कधी कधी एक नर दुसऱ्या नरालेच मादी समजून धरते. तवा धरलेला असा बोलते. सोड म्हणते, मी मादी नाही म्हणते. हेडमास्तरनं त्याले धरलं हाय, म्हून तो त्याहिले सोडा म्हणून राह्यला."

साहेब हसले. साहेब हसले म्हणून पोरं हसली. बेडूक माझ्या हातात तेच ते म्हणत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेरेबुकात साहेबांनी 'असिस्टंट मास्तरांचे निसर्गाचे निरीक्षण उत्तम' असं लिहिलं, आणि ते बुक कपाटात जपून ठेवायचं काम हेडमास्तर म्हणून माझं होतं.

दिवेलागणीला पुंजाजी घरी आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "इचारलं म्हून बोललो, हेडमास्तर. नसतं इचारलं तर नसतो बोललो. तुमाले राग आला असंन."

"छे छे, राग कसला," मी म्हणालो.

त्यानं ते खरं मानलं. समोरच्याचं बोलणं जसंच्या तसं खरं मानायची त्याला सवय होती.

पुढे दोन वर्षांनी नागपूरच्या एका कॉलेजातले प्रोफेसर लोणारचं सरोवर पाहायला आले. सरोवराच्या खाऱ्या पाण्यात त्यांना बेडूक सापडला नाही, काठावरच्या गोड्या धारेपाशी मात्र पुष्कळ सापडले, आणि त्यातून त्यांना आसपासच्या बेडकांविषयी माहिती गोळा करायची हौस आली. बीबीच्या शाळेत एक जाणकार मास्तर आहेत, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं. प्रोफेसर मद्रासकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांचं इंग्रजी पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, म्हणजे माझ्या हातात आलं. बेडकांच्या आवाजाविषयी जे ऐकलं असेल ते सविस्तर लिहून पाठवा, असा मजकूर होता. पत्र मी पुंजाजीला मराठी करून वाचून दाखवलं. जाणकार मास्तर म्हणजे कोण, हा प्रश्न आम्ही दोघांनीही काढला नाही.

"मी सांगतो, तुम्ही लिहा," तो आनंदानं म्हणाला.

शाळा सुटल्यावर नऊ दिवस तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. बोहनीवाला, पाळीपाळीनं बोलणारे शेजारी, मुका, सोड म्हणणारा, माणसाची चाहूल लागताच एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पसरत जाणारी शांतता. इंग्रजीत 'मी'च्या जागी 'आम्ही' लिहायला एका अक्षराचीच जास्त जागा लागते. मी सगळीकडे 'मी ऐकलं', 'मी पाहिलं' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.

शेवटच्या कागदावर चार ओळींची जागा उरली. ती पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा मोठा लेख, आणि त्यात माझ्या तयार कानानं ऐकलेलं एक वाक्य नाही. मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: कोलाहल थांबण्यापूर्वी सर्वांत वयस्क नर खालच्या सुरात एकदाच एक वेगळा हुंकार देतो, आणि तो ऐकून बाकीचे थांबतात.

असा हुंकार मी ऐकला नव्हता. पण मी हेडमास्तर होतो. चाळीस पोरं आपण होऊन बोलायला लागतात हे मी रोज पाहत होतो. आपण होऊन गप्प झालेली मी कधी पाहिली नव्हती. कोणीतरी 'बस' म्हणत असलंच पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात छापील पुस्तिका आली. तिच्यात माझं नाव होतं, त्याच्या आधी 'सूक्ष्म कानाचे' असं विशेषण होतं, आणि सगळ्या मजकुरात तो हुंकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे असं प्रोफेसरांनी म्हटलं होतं. मला राहवेना. पोरं घरी गेल्यावर मी पुंजाजीला बसवून पुस्तिका मराठी करून वाचून दाखवली. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता आणि प्रत्येक मुद्द्याला मांडीवर थाप मारत होता. "हे बरोबर. हेही बरोबर उतरलं." नावाविषयी त्यानं चकार शब्द काढला नाही. ते त्याच्या ध्यानात तरी आलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग मी शेवटचा मुद्दा वाचला.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचला.

"हुंकार? थांबायच्या आधी?"

"हो."

"रोज?"

"बहुतेक रोज."

त्यानं तोंड मिटलं. पुस्तिका हातात घेऊन त्या पानावरून बोट फिरवलं. त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. "मले कधीच नाही आला," तो म्हणाला. "पण छापून आलं म्हंजे हाय. नागपूरच्या लोकायनं तपासलं असंन. तुमचा तर शिकलेला कान."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पुस्तिकेचं पान मुडपणार नाही अशा बेतानं ती कपाटात ठेवली. त्याच्या तोंडून 'मले नाही आला' हे चार वर्षांत मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते मला फार गोड लागलं.

त्या पावसाळ्यापासून पुंजाजी रोज खदानीवर जायला लागला. पूर्वी हौसेनं जायचा, आता परीक्षेला बसल्यासारखा जायचा. सकाळी शाळेत आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "काल पण नाही आला." मग विचारायचा, कोणत्या काठानं येतो, पाटलाचा असतो का पिंजाऱ्याचा, केवढा लांब असतो. मीही उत्तरं द्यायचो. एकदा खोटं बोललेल्याला तपशिलाची वाण पडत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं कानात लसणाचं तेल घातलं. मग रजा काढून मेहकरच्या दवाखान्यात गेला. परत आल्यावर म्हणाला, "डॉक्टर म्हणते कान साफ हायेत. मंग काऊन येत नाही, हेडमास्तर?" मी म्हणालो, वयाचं असेल. तेव्हा तो चाळिशीच्या आतबाहेर होता.

तिसऱ्या वर्षी त्याच्या वर्गाचा गोंगाट भिंतीतून माझ्याकडे यायला लागला. आवाज उतरवून पोरांना गप्प करणं त्यानं सोडलं होतं. पोरं खरंच गप्प झालीत की आपल्यालाच ऐकू येत नाही, याचा त्याला भरवसा वाटेना. एक दिवस तो खडू मागायला आला तेव्हा माझी पोरं कविता म्हणत होती. मी मुद्दाम विचारलं, "पुंजाजी, कोणी चुकतंय का हो?"

त्यानं मान कलती केली, मग सरळ केली. "नका इचारू, हेडमास्तर. माह्या कानाचं आता काही खरं नाही."

गावात एकच कान उरला होता आणि तो माझा होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला बरं वाटलं, हे लपवण्यात आता अर्थ नाही.

त्याच श्रावणात माझी मलकापूरला बदली झाली. सामान बैलांच्या दमणीत भरून झालं, सकाळी निघायचं, तर पुंजाजी दारात. हातात वाहणा, म्हणजे खदानीवर जायचं ठरवूनच आलेला.

"जाण्याआधी एक डाव मले दाखवा. तुमच्या बाजूले बसून ऐकतो. तुम्ही गेल्यावर मले कोण सांगणार हाय? अशानं तर मी येडा होईन."

वाटेत मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. वाक्यही जुळवलं: पुंजाजी, तसला हुंकार नाहीच, मी तो मनानं घातला. उद्या मी या गावात नसणार, मग लाज कुणाची धरायची? काठावर बसलो. दिवस मावळायला आला होता. त्यानं माझा हात आपल्या मनगटावर ठेवून घेतला.

"आला का माहा हात दाबा. बोलू नका, ते गप्प होतील."

एकानं सुरुवात केली. तो बोहनीवाला होता की दुसरा कोणी, पुंजाजीनं सांगितलं नाही. मग सगळे लागले. पुंजाजी डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून ऐकत होता. माझ्या बोटांखाली त्याची नाडी लागत होती. बऱ्याच वेळानं एक थांबला, त्याच्या शेजारचा थांबला, मग चारदोन मागे रेंगाळले आणि तेही थांबले. कोणी 'बस' म्हणालं नव्हतं. वाक्य माझ्या ओठावर आलं होतं.

पुंजाजीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्या तोंडावर एकच गोष्ट शोधत होतो. जे आपल्याला ऐकू येत नाही ते या माणसाला येतं, याचं थोडं तरी वैषम्य. तसं काही नव्हतं. मला ऐकू येतं म्हणून तो माझ्यासाठी खूष होता. मला सात वर्षांत जे एक दिवस जमलं नाही, ते तो सहज करत होता, तेही माझ्या खोट्यावर. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो जरा जरी जळला असता तरी मी खरं सांगितलं असतं.

मी त्याचा हात दाबला.

"आला?"

"आला. ते थांबायच्या जरा आधी."

"कोणीकून?"

मी पलीकडच्या काठावरच्या बाभळीकडे बोट केलं.

"थांबा," तो म्हणाला. "पुन्हा सुरू होऊ द्या त्याहिले."

मी थांबलो नाही. वाहणा उचलल्या, अनवाणीच सडकेपर्यंत आलो आणि तिथून वळून पाहिलं. खदान पुन्हा बोलायला लागली होती. पुंजाजी माझं बोट गेलं होतं त्या बाजूला वाकून, कानामागे हात धरून बसला होता.